संस्था बदलायची तर प्रमुखाने रोज काय करायचं?

एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. जिल्ह्याच्या गावातल्या एका जुन्या नागरी सहकारी बँकेत त्या नुकत्याच मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणून रुजू झाल्या आहेत. शाखा वीसेक, कर्मचारी बहुतेक वीस-पंचवीस वर्षांचे जुने. ठेवीदार निष्ठावंत पण वयस्कर, आणि त्यांची मुलं मात्र खासगी बँकांत खाती उघडून बसलेली. थकबाकी वाढती. संचालक मंडळाने नेमणूक देतानाच सांगितलं, "बँक बदलून दाखवा." ताई म्हणतात, नेतृत्वावरची व्याख्यानं आणि प्रशिक्षणं भरपूर झाली, संस्थेचा खरोखर कायापालट करणारी माणसं वागतात कशी, सोमवारी सकाळी खुर्चीत बसल्यावर ती काय करतात, ते सांगा.

ताई, मी आधी कारखान्यांत आणि नंतर सहकारी संस्था, पतसंस्था, रुग्णालयं यांच्याबरोबर याच कामात बरीच वर्षं घालवली आहेत. माझं ठाम मत असं झालं आहे की कर्मचारी प्रमुखाच्या बोलण्यावरून काहीच ठरवत नाहीत. बोलणं त्यांनी आधीच्या चार साहेबांकडूनही ऐकलेलं असतं. हा माणूस दिवसाचा वेळ कुठे घालवतो, बदलाचा पहिला चटका कोणाला देतो आणि वाईट बातमी घेऊन आलेल्याशी कसा वागतो, हे मात्र ते बारकाईने पाहतात. त्यावरून त्यांचा अंदाज बांधून होतो, की हे प्रकरण खरं आहे की दोन महिन्यांनी ये रे माझ्या मागल्या. साहेब तापट आहे की शांत, फर्डा वक्ता आहे की अबोल, याने फारसा फरक पडताना मी पाहिलेला नाही.

कायापालट म्हटलं की परदेशी मोटार कंपन्यांची उदाहरणं पुढे येतात. मी तुम्हाला सुरत महापालिकेचं सांगतो, कारण तिची परिस्थिती तुमच्यासारखीच होती. माणसं कायम नोकरीतली, त्यांना काढता येत नाही, मनाप्रमाणे पगार वाढवता येत नाही, वर लोकनियुक्त मंडळ, आणि प्रमुख किती दिवस टिकेल याचा भरवसा नाही.

१९९४ चा ऑगस्ट-सप्टेंबर आठवा. आपल्याकडे बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीच्या प्लेगचे रुग्ण सापडल्याच्या बातम्या येत होत्या. सुरतेत तापीला पूर आला, नदीकाठच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या, पाणी ओसरल्यावर चिखल आणि मेलेली जनावरं तशीच पडून राहिली. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात फुप्फुसाच्या प्लेगचे रुग्ण दगावू लागले. पन्नासच्या वर माणसं गेली, पण त्यापेक्षा मोठा हाहाकार भीतीने केला. काही दिवसांत लाखो लोकांनी शहर सोडलं. उधना, लिंबायतसारख्या भागांत राहणारी खानदेशातली कामगार कुटुंबं मिळेल त्या गाडीने नंदुरबार, धुळे, जळगावकडे परतली. खासगी डॉक्टरांपैकीही बरेच जण दवाखाने बंद करून निघून गेले. कापड आणि हिऱ्यांच्या धंद्याने श्रीमंत झालेल्या या शहराची देशभर ओळख उरली ती कचऱ्याचं शहर म्हणून.

मे १९९५ मध्ये एस. आर. राव आयुक्त म्हणून आले. माणसं तीच, कायदा तोच. पुढच्याच वर्षी, १९९६ मध्ये, वारसा जतनाचं काम करणाऱ्या 'इंटॅक' या संस्थेने स्वच्छतेत चंडीगडनंतर सुरतेचा दुसरा क्रमांक लावला. इतक्या थोड्या काळात काय बदललं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे, आणि माझ्या कामात मी सर्वांत जास्त वेळा याच उदाहरणाकडे वळलो आहे.

पहिली गोष्ट दिसायला अगदी साधी. वरिष्ठ अधिकाऱ्यांनी रोज सकाळी कार्यालयात यायचं नाही, आपापल्या भागात रस्त्यावर जायचं. 'एसीतून डीसीकडे' असं राव तिला म्हणत, म्हणजे वातानुकूलित खोलीतून रोजच्या कामाकडे, 'डेली चोअर्स'कडे. नंतर दुपारी आयुक्तांसमोर सगळ्यांची बैठक, तीही रोज. साहेब फिरतीवर गेले तर आपल्याकडे काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. आधी फोन जातो, फरशी पुसली जाते, हार येतो, चहा-बिस्किटं होतात, आणि साहेब परततात तेव्हा त्यांना काहीच दिसलेलं नसतं. रोजच्या फेरीत हा सोहळा करता येत नाही, कारण रोज कोण हार आणणार? आणि सगळे जागा पाहूनच बैठकीला आलेले असले की "माहिती मागवली आहे", "पत्र पाठवलं आहे" ही उत्तरं आपोआप बंद होतात. ड्रेनेज खात्याचा आणि रस्ते खात्याचा अधिकारी समोरासमोर बसलेले असतात, दोघांनीही सकाळी तोच खड्डा पाहिलेला असतो, मग टोलवाटोलवीला जागाच उरत नाही.

ही फेरी म्हणजे पाहणी किंवा तपासणी नव्हे. तपासणी चूक पकडायला असते. फेरी कशासाठी, तर काम कुठे अडतं ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहून तिथल्या तिथे मोकळं करायला. तुम्ही शाखेत जाल तेव्हा शाखाधिकाऱ्याच्या केबिनमध्ये बसू नका. काऊंटरच्या बाहेर, खातेदारांच्या बाकावर बसा. पासबुक छापायला आलेल्या आजोबांना किती वेळ उभं राहावं लागतं, प्रिंटर बंद असेल तर तो कधीपासून बंद आहे, पिग्मी एजंटाची रोकड मोजायला कोण मोकळं असतं, केवायसीसाठी एकाच माणसाला किती खेपा घालाव्या लागतात, ते पाहा. आणि त्यातली एक तरी अडचण त्याच दिवशी सोडवून मगच उठा. प्रिंटरची शाई संपली म्हणून मुख्य कार्यालयाला मागणीपत्र गेलेलं असतं आणि ते खरेदी विभागात तीन कोटेशनांची वाट पाहत पडलेलं असतं. शाखाधिकाऱ्याला दोन-चार हजारांची खरेदी आपल्या सहीने करता येत नाही, हा खरा रोग. तो तुम्हाला बाकावर बसल्याशिवाय कळत नाही.

इथेच सुरतेतली दुसरी गोष्ट येते. रावांनी शहराचे सहा विभाग केले, त्यांवर महापालिकेतलेच वरिष्ठ अधिकारी नेमले आणि आयुक्तांकडचे अधिकार, खर्चाचे सुद्धा, त्यांच्याकडे दिले. अधिकार वाटून द्यायला पाहिजेत असं प्रत्येक प्रमुख म्हणतो. देतात फार थोडे, कारण दिल्यावर होणारी पहिली चूक पोटात घालावी लागते. मी पाहिलेल्या एका कारखान्यात नव्या व्यवस्थापकाने फोरमनना लाइन थांबवायचा अधिकार दिला. पहिल्याच आठवड्यात एकाने विनाकारण लाइन थांबवली, दोन तासांचं उत्पादन बुडालं. सगळे कामगार व्यवस्थापकाच्या चेहऱ्याकडे बघत होते. तो खाली आला, फोरमनशेजारी उभं राहून त्याने का थांबवली ते ऐकून घेतलं, "शंका आली तर पुन्हा थांबव" एवढंच म्हणाला आणि गेला. त्या वाक्याने अधिकार खरोखर दिला गेला. आदेशाचं परिपत्रक तर आधीच निघालेलं होतं, त्यावर कोणाचा विश्वास नव्हता.

म्हणून तुम्ही शाखाधिकाऱ्यांना किरकोळ खरेदीचे, छोट्या सोनेतारण किंवा ठेवतारण कर्जाचे अधिकार द्याल तेव्हा मर्यादा लेखी ठरवा, मंडळाकडून ठरावाने मंजूर करून घ्या, आणि मग त्या मर्यादेतली फाइल तुमच्या टेबलावर आली तर न वाचता परत पाठवा. "मॅडम, एकदा नजर घाला" असं म्हणत ती येईलच. नजर घातली की तुमचा ठराव त्या दिवशी रद्द झाला असं समजा.

आता चटक्याबद्दल. या भागावर मी सर्वांत जास्त बोलेन, कारण चांगल्या चांगल्या प्रमुखांचे प्रयत्न इथेच बसताना मी पाहिले आहेत. सुरतेत बेकायदा बांधकामं पाडायची वेळ आली तेव्हा सुरुवात फेरीवाल्यांपासून किंवा झोपडीवाल्यांपासून झाली नाही. आधी धनिकांची, वजनदार लोकांची बांधकामं पाडली गेली. अस्वच्छतेबद्दल नामांकित हॉटेलं आणि मिठाईवाल्यांवरही कारवाई झाली. शहराला त्यातून जो संदेश गेला तो दहा सभांनी गेला नसता. पुढे रस्ते रुंद करताना अनेकांनी स्वतःहून जागा मोकळ्या केल्या. रुंदीकरणात ज्यांचं घर-दुकान गेलं त्यांचं दुःख मी हलकं मानत नाही, आणि पाडापाडीचा धडाका हेच नेतृत्व असा अर्थ कोणी काढू नये. मला महत्त्वाचा वाटतो तो क्रम.

तुमच्या बँकेत वसुली मोहीम सुरू होईल. सवयीने वसुली अधिकारी कोणाच्या दारात जाईल? रिक्षावाला, किराणा दुकानदार, मुलीच्या लग्नाला कर्ज काढलेली नर्स. जामीनदार म्हणून सही केलेला शाळेतला शिपाई. कारण ते सापडतात आणि घाबरतात. मोठी थकबाकी मात्र पाच-पन्नास खात्यांत असते आणि ती खाती कोणाच्या शिफारशीने मंजूर झाली हे शाखेतल्या प्रत्येक कारकुनाला तोंडपाठ असतं. संचालक आणि त्यांच्या नातेवाइकांना कर्ज द्यायला रिझर्व्ह बँकेने २००३ पासून बंदी घातली आहे, पण शिफारशीला कोणी बंदी घालू शकत नाही. तुम्ही पहिली नोटीस कोणाला काढता याकडे सगळी बँक डोळे लावून बसलेली असेल. ती रिक्षावाल्याला निघाली की कर्मचाऱ्यांनी ओळखलं: या बाईही त्यातल्याच. मग तुम्ही कितीही पारदर्शकतेच्या गोष्टी करा, लोक मान डोलावतील आणि कागद तिथेच राहील.

मोठ्या थकबाकीदाराला हात लावायची साधनं आता नाहीत असं नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खालचा वसुली दाखला पूर्वीपासून आहे. कोर्टात न जाता तारण मालमत्ता ताब्यात घेऊन विकायची मुभा बँकांना देणारा सरफेसी कायदा सहकारी बँकांना लागू होतो की नाही हा वाद कितीतरी वर्षं भिजत घोंगड्यासारखा पडला होता, तो सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मे २०२० मध्ये आपल्याच कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडच्या सहकारी बँकेच्या प्रकरणात मिटवला. कायदा लागू होतो. तेव्हा अडचण कायद्याची राहिलेली नाही, पहिलं नाव लिहिण्याची आहे.

तिसरी गोष्ट, वाईट बातमी. इथे मला सुरतेबाहेर जावं लागेल. अल्कोआ ही अमेरिकेतली ॲल्युमिनियमची अवाढव्य कंपनी. १९८७ मध्ये पॉल ओ'नील तिचे प्रमुख झाले आणि गुंतवणूकदारांसमोरच्या पहिल्याच भाषणात नफ्याऐवजी कामगारांच्या सुरक्षिततेबद्दल बोलले. कंपनीत कुठेही कामगाराला इजा झाली तर त्या विभागाच्या प्रमुखाने चोवीस तासांत थेट त्यांना कळवायचं आणि ती पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार तेही सांगायचं, असा नियम केला. मेख या चोवीस तासांत आहे. विभागप्रमुखाला इतक्या लवकर कळायचं तर कारखान्याच्या व्यवस्थापकाकडून, त्याला फोरमनकडून आणि फोरमनला कामगाराकडून लगेच कळायला हवं. म्हणजे वर्षानुवर्षं बंद असलेली खालून वरची वाट उघडावी लागली, आणि एकदा उघडल्यावर त्या वाटेने सुरक्षिततेबरोबर उत्पादनाच्या सूचनाही वर येऊ लागल्या. दर शंभर कामगारांमागे वर्षाला साधारण १.८६ जणांचा इजेमुळे कामाचा दिवस बुडत होता. पुढच्या बारा-तेरा वर्षांत ते प्रमाण ०.२ पर्यंत उतरलं, आणि कंपनीचं बाजारमूल्य कितीतरी पटींनी वाढलं.

पण त्या नियमाची खरी परीक्षा नंतर झाली. १९९६ मध्ये भागधारकांच्या सभेत एका ख्रिस्ती ननने उठून मेक्सिकोतल्या कारखान्यात कामगारांना वायूची बाधा झाल्याचं सांगितलं. चौकशीत निघालं की प्रकार घडला होता, कारखान्याने दुरुस्ती पण केली होती, फक्त वर कळवलं नव्हतं. त्या विभागाचा प्रमुख धंदा भरपूर वाढवून दाखवणारा, कंपनीत मान असलेला माणूस. त्याला जावं लागलं. बाहेरच्यांना ही शिक्षा जास्त वाटली. आतल्यांना वाटली नाही, कारण वाईट बातमी आणणाऱ्याला या कंपनीत इजा होत नाही, दडवणाऱ्याला होते, हे इतकी वर्षं ते पाहत होते.

आपल्याकडे नेमकं उलटं असतं. थकीत होऊ घातलेलं खातं शाखाधिकारी मार्चअखेरपर्यंत कसंबसं झाकून नेतो, जुन्या कर्जाचं नवं कर्ज करून देतो, कारण मासिक आढावा बैठकीत ज्याचे आकडे वाईट त्याची सगळ्यांसमोर हजेरी घेतली जाते. हे मी इतक्या बँकांत पाहिलं आहे की मला आता आकडे चांगले दिसले की आधी धास्ती वाटते. तुम्ही पहिल्या आढावा बैठकीत एक करा. "तुमच्या शाखेतली कोणती तीन खाती येत्या तीन महिन्यांत बिघडतील असं वाटतं?" असा प्रश्न विचारा. पहिल्यांदा कोणी बोलणार नाही. कुणीतरी एक जण, बहुधा निवृत्तीला आलेला, चाचरत एक नाव सांगेल. त्याला त्या क्षणी तुम्ही काय म्हणता, तुमच्या कपाळावर आठी पडते का, यावर पुढचं सगळं वर्ष अवलंबून आहे. त्याचे आभार माना, आणि सगळ्यांसमोर विचारा की त्याला मुख्य कार्यालयाकडून काय मदत हवी. पुढच्या महिन्यात बाकीचे बोलतील.

आणि चूक संस्थेची असेल तेव्हा ती अंगावर घ्यायला प्रमुख पुढे असला पाहिजे. जुलै २००९ मध्ये दिल्लीत झमरूदपूरला मेट्रोचा बांधकाम सुरू असलेला पूल कोसळला, माणसं दगावली. दिल्ली मेट्रोचे प्रमुख ई. श्रीधरन यांनी नैतिक जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. तो स्वीकारला गेला नाही, आग्रह झाल्यावर त्यांनी तो मागे घेतला आणि काम पुढे नेलं. आपल्या कोकणासाठी रोह्यापासून मंगळूरपर्यंत रेल्वे ज्यांनी उभी केली त्याच माणसाचं हे वागणं. साहेब खालच्या इंजिनिअरला पुढे करत नाही हे ज्यांनी पाहिलं असेल, ती माणसं त्याच्यापासून गोष्टी कशाला लपवतील?

तुमच्या बँकेत सर्वांत आधी जे दिसेल ते म्हणजे रेंगाळणारा कागद. एका बँकेत आम्ही केलेला प्रयोग सांगतो, तुम्हाला उद्याच करता येईल. दुकान वाढवण्यासाठी आलेला एक साधा कर्जअर्ज घेतला आणि त्याच्या वर एक कोरा कागद टाचला. ज्याच्या टेबलावर फाइल येईल त्याने आल्याची तारीख-वेळ लिहायची, पुढे पाठवताना जाण्याची. बाकी काही नाही. अर्ज मंजूर व्हायला तीन आठवड्यांच्या आसपास गेले. तो कागद घेऊन मुख्य कार्यकारी अधिकारी स्वतः एकेका टेबलापाशी जाऊन उभे राहिले. बरोबर दुसरं कोणी नाही. प्रत्यक्ष काम सगळं मिळून अर्ध्या दिवसाचं निघालं. उरलेले दिवस फाइल अशा टेबलांवर होती जिथे कोणी तिच्यात काही भर घालत नव्हतं, फक्त "पाहिले" लिहून सही करत होतं. एका टेबलावरच्या सीनियर क्लार्क बाईंना विचारलं, तुम्ही यात काय बघता? त्या म्हणाल्या, "काही नाही साहेब, पूर्वी एकदा एका अर्जात सही राहिली होती, तेव्हापासून माझ्याकडे येते." ते 'पूर्वी एकदा' केव्हाचं होतं हे बँकेत कोणालाच आठवत नव्हतं. साहेबांनी तिथेच ते टेबल साखळीतून काढलं. त्या बाईंना पहिल्या भेटीतच अर्ज पूर्ण भरून घ्यायचं काम दिलं, कारण कोणत्या अर्जात काय राहतं हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. जुन्या माणसांबद्दल कपाळावर हात मारून घेण्याआधी हे लक्षात घ्या. अडथळा बऱ्याचदा माणूस नसतो, त्याला बसवलेली जागा असते.

कागदाच्या बाबतीत महाराष्ट्राकडे तर स्वतःचं फार मोठं उदाहरण आहे, आणि त्याचं आपल्याला पुरेसं कौतुक नाही याची मला खंत वाटते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अनिलकुमार लखिना नगरचे जिल्हाधिकारी होते. तिथल्या कचेरीत त्यांनी केलेल्या सुधारणा पुढे 'लखिना पॅटर्न' म्हणून राज्यभर गेल्या. त्यातली सहा गठ्ठा पद्धत सरकारी कार्यालयांत आजही शिकवली जाते. टेबलावरचे काम चालू असलेले कागद, कुठून तरी उत्तराची वाट पाहणारी प्रकरणं, ठराविक मुदतीने पाठवायची विवरणं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात जमा करायचे कागद आणि नष्ट करायचे कागद, असे सहा गठ्ठे. एवढंच. पण त्यामुळे कारकून रजेवर गेला तरी कागद कुठे आहे ते दुसऱ्याला सापडू लागलं, आणि "बाबू आज नाहीत, उद्या या" हे वाक्य बोलणं अवघड झालं. एक जिल्हाधिकारी, ज्याच्या दाराशी दिवसभर मंत्री-आमदारांची ये-जा, तो कारकुनाच्या कपाटातल्या गठ्ठ्यांत इतका खोल शिरतो, हे मला त्या सुधारणेचं मर्म वाटतं. पुढे २०१७-१८ च्या सुमारास पुणे विभागाचे आयुक्त असताना चंद्रकांत दळवी यांनी 'झिरो पेंडन्सी' म्हणजे एकही प्रकरण प्रलंबित न ठेवण्याची मोहीम चालवली, तिलाही अभिलेखांच्या वर्गीकरणाचा हाच पाया होता.

लखिना गेले तरी गठ्ठे राहिले. राव साधारण अडीच वर्षांनी सुरतेहून गेले, त्यांच्यानंतर आलेल्या एस. जगदीशन यांनी ती घडी मोडली नाही, उलट पक्की केली. २०२०, २०२१ आणि २०२२ च्या स्वच्छ सर्वेक्षणात सुरत देशात दुसरी आली, २०२३ मध्ये इंदूरबरोबर संयुक्त पहिली. याची कारणं नंतरच्या अनेकांच्या कामात आहेत, पण सकाळी रस्त्यावर जायची सवय ज्या यंत्रणेला लागली तिच्यावर ती माणसं उभी राहिली. म्हणून मी प्रत्येक प्रमुखाला विचारतो: तुम्ही सुरू केलेल्या गोष्टींपैकी कोणती अशी आहे की ती तुमच्याशिवाय, तुमच्या फोनशिवाय, पुढच्या मंगळवारी आपोआप होईल? उत्तर नसेल तर अजून बदल झालेला नाही, तुमची धावपळ झाली आहे.

एक सावधगिरी. एका वेळी दहा गोष्टी सुरू करू नका. मोबाइल ॲप, नवं बोधचिन्ह, शाखांची रंगरंगोटी, सल्लागारांचं सादरीकरण, 'व्हिजन' छापलेल्या डायऱ्या; मंडळाला या गोष्टी आवडतात, फोटोही चांगले येतात. यातलं काही नंतर लागेलही. पण पहिल्या सहा महिन्यांत दोनच गोष्टी हाती घ्या, त्यातली एक खातेदाराला हाताला लागेल अशी असू द्या. कर्जअर्जाचा निकाल सात दिवसांत, होकार किंवा नकार, हे मला पुरेसं मोठं वाटतं. नकारसुद्धा सात दिवसांत मिळाला तर माणूस दुसरीकडे जाऊन आपली सोय बघतो, आणि तुमच्याबद्दल वाईट बोलत नाही.

साधारण तिसऱ्या महिन्यात एक प्रसंग येईल, त्याची तयारी आत्तापासून ठेवा. कोणीतरी वजनदार खातेदार नियम वाकवायला सांगेल, किंवा बँकेतला सर्वांत कामाचा, सगळं ज्याच्यावाचून अडतं असा अधिकारी नवी पद्धत बाजूला सारून जुन्या वाटेने फाइल काढून देईल. तो माणूस तुम्हाला हवाहवासा असेल, आणि काम तर चांगलंच झालेलं असेल. तिथे कानाडोळा केलात की त्या दिवसापासून दोन बँका चालू होतात, एक कागदावरची आणि एक खरी. त्याला बोलवा, चारचौघांत बोलू नका, पण ती फाइल नव्या रस्त्याने पुन्हा फिरवायला लावा. त्याचा मान राहील आणि बातमी दुपारच्या डब्यापर्यंत सगळीकडे पोचेल.

आता मंडळाबद्दल, कारण ताई, तुमच्या पत्रात त्याबद्दल एकच ओळ आहे आणि मला तीच सर्वांत जड वाटली. शंभर कोटींच्या वर ठेवी असलेल्या नागरी बँकांना रिझर्व्ह बँकेने संचालक मंडळाखेरीज आणखी एक वेगळं व्यवस्थापन मंडळ नेमायला सांगितलं आहे, आणि तिथे मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या नेमणुकीला तिची मान्यता लागते. तुमची बँक त्यात बसत असेल तर हा आधार तुमच्या पाठीशी आहे, तो वापरा, पण धमकी म्हणून वापरू नका. "बँक बदला" म्हणणाऱ्या मंडळाने आपल्यालाही काही सोडावं लागेल याचा विचार बहुधा केलेला नसतो. तो त्यांच्याकडून आत्ताच, संबंध गोड आहेत तोवर, करून घ्या. सगळ्यात मोठ्या वीस थकबाकीदारांची यादी काढा. प्रत्येक नावापुढे रक्कम, तारण, शेवटचा हप्ता कधी आला, आणि मूळ अर्जावर शिफारस कोणाची, एवढं असू द्या. ती बैठकीच्या विषयपत्रिकेवर थेट टाकू नका, तिथे सगळे एकमेकांना सांभाळून घेतील. आधी अध्यक्षांना एकट्यांना भेटा, यादी त्यांच्या हातात द्या, त्यांना शांतपणे वाचू द्या. मग विचारा, यातली पहिली तीन नावं कोणती घ्यायची. त्यांनी बोट ठेवलेल्या नावांत एक जरी त्यांच्या जवळचं असेल, तर तुम्हाला भक्कम साथ आहे, जोरात कामाला लागा. तिन्ही नावं विरोधी गटाची निघाली तर त्यांच्याशी वाद घालू नका. यादी रकमेच्या क्रमाने लावा, पहिल्या तीन नोटिसा त्याच क्रमाने निघतील असा साधा ठराव लिहून मंडळापुढे ठेवा, आणि तो मंजूर होईपर्यंत वसुलीची एकही नोटीस, रिक्षावाल्याची सुद्धा, आपल्या सहीने बाहेर जाऊ देऊ नका.